चार ठिकाणचे कागद

बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड करणाऱ्या बाईची पूर्ण नोंद कुठल्याच एका कार्यालयात सापडत नाही. रेशनकार्ड आणि मतदारयादीतलं नाव तिच्या गावी असतं, धारूर, वडवणी नाहीतर शिरूर कासार तालुक्यात. दिवाळीच्या सुमारास ती घर बंद करून निघते आणि पुढचे पाच-सहा महिने सांगली, कोल्हापूर, सोलापूरकडे किंवा थेट बेळगावच्या फडात असते. तिथल्या ग्रामपंचायतीच्या लेखी ती नसतेच. कामाचा व्यवहार झालेला असतो तो तिचा नवरा आणि मुकादम यांच्यात, स्टँप पेपरवर किंवा नुसत्या वहीत. आणि तिचं गर्भाशय काढण्याचं ऑपरेशन झालं तर ते तालुक्याच्या गावातल्या एखाद्या खासगी दवाखान्यात. मी पाहिलेल्या बहुतेक केसपेपरवर व्यवसायाच्या रकान्यात 'गृहिणी' एवढंच लिहिलेलं होतं. स्वतंत्र पत्रकार म्हणून माझी बरीच वर्षं गेली ती ह्या चार ठिकाणचे कागद एका टेबलावर आणण्यात.

त्याआधी मी एका दैनिकाच्या जिल्हा आवृत्तीत होते. "हे लिहू नकोस" असं तिथे मला कुणी कधी म्हटलं नाही. तशी वेळच येत नसे. दिवाळीच्या पुरवणीत पानभर जाहिरात साखर कारखान्याची, मोळी टाकण्याच्या समारंभाची बातमी त्याच कारखान्याची, वाढदिवसाच्या शुभेच्छा त्याच्याच अध्यक्षांना, आणि उरलेल्या चौकटींत नव्या दवाखान्यांची उद्घाटनं. आपल्याकडे कारखाना, बँक, शिक्षणसंस्था आणि आमदारकी पुष्कळदा एकाच घरात नांदते. जिल्ह्याच्या वार्ताहराला हे कुणी शिकवावं लागत नाही. ऊसतोड मजूर बातमीत यायचे, पण ट्रॅक्टरची ट्रॉली उलटली तर, नाहीतर टोळ्या निघाल्याचा फोटो म्हणून. त्या कोणत्या दराने निघाल्या, कुणाच्या कर्जावर निघाल्या, परत येताना हातात काय घेऊन आल्या, हे विचारायला जागा नव्हती. मी नोकरी सोडली ती भांडून नव्हे. मला एका विषयामागे लागोपाठ काही हंगाम राहायचं होतं, आणि रोज चार बातम्या द्यायच्या माणसाला ते जमत नाही.

स्वतंत्र राहण्याची किंमत रोकड असते. लेख छापून आला की पैसे, नाही आला की नाही. एसटीचं भाडं, झेरॉक्स, वकिलाची फी हे सगळं आधी, मानधन नंतर. इंग्रजी संकेतस्थळं बरे पैसे देतात, मराठीत मानधन देणाऱ्या जागा मोजक्या. पण आमच्या भागाला हा वारसा आहे, आणि तो मला धीर देतो. मुकुंदराव पाटील यांनी १९१० पासून 'दीनमित्र' चालवला तो नेवासे तालुक्यातल्या खेड्यातून. पुण्या-मुंबईत कार्यालय नाही, मोठा जाहिरातदार नाही, वाचक शेतकरी आणि कष्टकरी. त्यांचे वडील कृष्णराव भालेकर यांनी १८७७ मध्ये 'दीनबंधु' काढला होता. नेवासे तालुक्यातल्या तरवडीसारख्या गावातून 'दीनमित्र' दशकानुदशकं निघाला, त्या गावाच्या शेजारच्या जिल्ह्यात बसून मी "साधनं नाहीत" असं म्हणू शकत नाही.

ज्यांना ऊसतोड माहीत नाही त्यांच्यासाठी थोडं सांगते. नवरा-बायको मिळून एक कोयता. हंगामाआधी मुकादम, म्हणजे मजुरांची टोळी जमवणारा ठेकेदार, त्या कोयत्याला उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, देतो, अलीकडे ती पन्नास हजारांपासून लाखाच्या पुढे असते. मग जितका ऊस तोडून, मोळ्या बांधून, गाडीत भरला जाईल तितक्या टनांचे पैसे त्या उचलीतून वळते होतात. पहाटे अंधारात फड सुरू होतो. वजनदार मोळी डोक्यावर घेऊन ट्रकला लावलेल्या फळीवरून चढायचं काम बायकाही करतात, गर्भार असतानाही करतात. राहायला प्लास्टिक आणि वाढ्यांची कोप. संडास नाही, न्हाणीघर नाही, पाळीच्या दिवसांत कापड धुवायला आडोसा नाही. आणि एखाद्या दिवशी कामाला नाही गेलं तर खाडा. मी ज्या टोळ्यांत बसले त्यांत एका खाड्याला पाचशेपासून हजार रुपयांपर्यंत दंड लागत होता, आणि तो एकटीला नाही, पूर्ण कोयत्याला. बाई आजारी पडली तरी नवऱ्याचा दिवस त्या दंडात जातो.

ह्या बायका गर्भाशय काढण्याबद्दल लपवाछपवी करत नव्हत्या. मीच काय, कुणीही ओट्यावर बसून विचारलं असतं तर त्यांनी सांगितलं असतं. "पिशवी काढली ना ताई, आता कटकट न्हाई," एकीने सांगितलं. दुसरी म्हणाली, "डॉक्टर म्हनला पिशवीला सूज हाय, काढली न्हाई तर कॅन्सर व्हईल. मग काय करावं मानसानं?" तिचं वय तिशीच्या आत होतं. तिचं लग्न पंधराव्या-सोळाव्या वर्षी झालं होतं, बाळंतपणं उरकली होती, नसबंदी झाली होती, त्यामुळे तिच्या लेखी त्या अवयवाचं काम संपलेलं होतं. पुढे कंबर धरणं, हाडं दुखणं, अंगाची लाही होणं, रात्रीची झोप जाणं, हे तिला कुणी आधी सांगितलेलं नव्हतं. आणि ते सुरू झाल्यावर मोळीचं वजन काही कमी झालं नाही.

बोलणं मिळालं म्हणजे बातमी मिळाली, असं होत नाही. मी कागद मागू लागले. घरातल्या खुंटीला टांगलेल्या कॅरीबॅगेत सगळं एकत्र असायचं: सोनोग्राफीचा कागद, औषधाच्या चिठ्ठ्या, लाइटबिल, पोराचा जन्मदाखला. त्यातून मी तीन गोष्टी शोधायचे. ऑपरेशनच्या आधीची सोनोग्राफी, डिस्चार्ज कार्ड, आणि काढलेलं गर्भाशय तपासणीला पाठवल्याचा बायोप्सी रिपोर्ट. हा तिसरा कागद महत्त्वाचा. कॅन्सरच्या भीतीने अवयव काढला असेल तर तो प्रयोगशाळेत गेलाच पाहिजे, आणि रिपोर्ट रुग्णाला मिळाला पाहिजे. मी पाहिलेल्या बहुतेक पिशव्यांत तो नव्हता. काहींत डिस्चार्ज कार्डही नव्हतं, फक्त पैसे भरल्याची पावती. जे कागद मिळाले ते नावं झाकून मी दुसऱ्या जिल्ह्यातल्या एका अनुभवी स्त्रीरोगतज्ज्ञ बाईंना दाखवले. त्या एकेक कागद वाचायच्या आणि तुटक बोलायच्या: "हिला औषधाने बरं वाटलं असतं." "हिचं ऑपरेशन गरजेचं होतं. ही केस धरू नकोस." त्यांचा हा दुसरा शेरा मला पहिल्याइतकाच मोलाचा वाटला. प्रत्येक ऑपरेशन फसवणुकीचं ठरवलं तर खरी फसवणूकही खोटी पडते.

खरा दुवा मात्र दवाखान्याच्या कागदांत नव्हता. तो सापडला मुकादमाच्या वहीत. एका मुकादमाने, जो स्वतः कधीकाळी कोयता धरणारा होता, मला त्याची वही दाखवली. कोण किती उचल घेऊन गेलं, कधी घेतली, कशासाठी. लग्न, बैल, घराचे पत्रे, दवाखाना. मी 'दवाखाना' लिहिलेल्या नोंदींच्या तारखा टिपल्या आणि गावातल्या बायकांच्या डिस्चार्ज कार्डांच्या तारखांशेजारी ठेवल्या. त्या एकमेकींना लागून होत्या. हंगाम संपल्यावर, उन्हाळ्यात, फडातून परत आल्यावर ऑपरेशन. त्यासाठी तीस-चाळीस हजारांची उचल. आणि ती फेडायला दिवाळीत पुन्हा तोच कारखाना, तोच फड. आजारपणाने कर्ज काढलं, कर्जाने त्याच कामाला बांधलं, आणि त्या कामाने आजारपण वाढवलं. कुठलाही अधिकारी हे नाकारू शकला नाही, कारण वही मुकादमाच्याच हस्ताक्षरात होती.

एप्रिल २०१९ मध्ये 'बिझनेसलाइन' ह्या इंग्रजी दैनिकाने बीडमधल्या ह्या ऑपरेशनांवर बातमी दिली आणि देशभर गहजब झाला. राष्ट्रीय महिला आयोगाने राज्याच्या मुख्य सचिवांना नोटीस पाठवली. जूनमध्ये विधान परिषदेत नीलम गोऱ्हे यांनी प्रश्न मांडला. तेव्हा आरोग्यमंत्री असलेल्या एकनाथ शिंदे यांनी सभागृहात सांगितलं की बीड जिल्ह्यात तीन वर्षांत ४,६०५ गर्भाशय काढण्याची ऑपरेशनं झाली. मग समिती नेमली गेली आणि बीडमधल्या ८२,३०९ ऊसतोड महिलांचं सर्वेक्षण झालं. त्यातल्या १३,८६१ जणींचं गर्भाशय काढलेलं आढळलं. सुमारे सतरा टक्के. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत १५ ते ४९ वयाच्या स्त्रियांमध्ये देशभरात हे प्रमाण तीन टक्क्यांच्या आसपास येतं. दोन्ही पाहण्यांचे वयोगट आणि पद्धती सारख्या नाहीत, म्हणून तुलना जपून करावी. पण अंतर इतकं मोठं आहे की ते नुसत्या पद्धतीच्या फरकाने भरून निघत नाही.

त्या उन्हाळ्यात गावोगाव कॅमेरे आले. चांगलं झालं; इतकी वर्षं न दिसलेली गोष्ट दिसली. पण त्या बातम्यांचा एक घाट ठरून गेला: मुकादम पाळीचे खाडे वाचवायला बायकांची गर्भाशयं काढायला लावतो. हा घाट सोपा होता, एक खलनायक होता, आणि कारखाना, दवाखाना, सरकार हे तिघंही त्यातून सुटत होते. मी ज्या बायकांशी बोलले त्यांतल्या फार थोड्यांनी मुकादमाने थेट सांगितल्याचं म्हटलं. त्याला सांगायची गरजच पडत नाही. खाड्याचा दंड, पाण्याची टंचाई, न थांबणारा पांढरा पदर, सरकारी दवाखान्यात स्त्रीरोगतज्ज्ञ नसणं, खासगी डॉक्टरने घातलेली भीती, कोवळ्या वयातलं लग्न, हे सगळं मिळून बाईला तिथे नेतं, आणि सही तीच करते. कागदोपत्री ते ऑपरेशन स्वेच्छेचं असतं. माझ्या मते इथेच शोधपत्रकारितेचं काम सुरू होतं. सक्ती कुणी केली हे शोधणं त्या मानाने सोपं; तिच्यापुढचे बाकीचे रस्ते कुणी बंद केले हे दाखवायला कागद लागतात, आणि वेळ लागतो.

आणखी एक गोष्ट त्या गहजबात झाली. काही गावांची नावं मथळ्यात आली, "गर्भाशय नसलेल्या बायकांचं गाव" अशी. नंतर मी गेले तेव्हा ओटे रिकामे होते. "आमच्या पोरींच्या सोयरिकी मोडायला आलाव का?" एका मावशींनी दारातूनच विचारलं. त्यांचं बरोबर होतं. तेव्हापासून माझा नियम पक्का झाला: तालुका लिहायचा, गाव नाही, वय लिहायचं, पोरांची संख्या नाही, फोटो हातांचा किंवा कागदाचा. आणि छापायला देण्याआधी लेखातला तिचा भाग तिला मराठीत वाचून दाखवायचा. इंग्रजीत छापून येणार असला तरी. ह्यात वेळ जातो, संपादक चिडतात, पण वाचून दाखवताना बायका जे दुरुस्त करतात ते दुसऱ्या कुणालाही दुरुस्त करता येणार नाही. एकीने मला थांबवून सांगितलं, "मी रडले असं लिवू नका. मी चिडले व्हते."

नोटिसा येतात. एका दवाखान्याच्या वतीने आलेली बदनामीची नोटीस तीन पानांची होती, आणि मी त्या दवाखान्याचं नाव कुठेही छापलेलं नव्हतं. संस्थेत असलेल्या वार्ताहरामागे निदान नावापुरता तरी विधी विभाग असतो. एकट्या माणसाकडे असतात फक्त त्याचे कागद: तारखेनिशी टिपणं, ध्वनिमुद्रणं, मूळ प्रतींचे फोटो, आणि ते दोन वेगवेगळ्या ठिकाणी ठेवण्याची शिस्त. माझ्या वकिलांनी त्या नोटिशीला एका पानाचं उत्तर दिलं आणि विषय तिथे थांबला.

सगळ्यांचा विषय तिथे थांबत नाही. राजापूरचे पत्रकार शशिकांत वारिशे यांनी कोकणातल्या रिफायनरी प्रकल्पाबद्दल आणि त्याच्या पाठीराख्याबद्दल लिहिलं. फेब्रुवारी २०२३ मध्ये, ज्या दिवशी त्यांची बातमी छापून आली त्याच दिवशी, त्यांच्या दुचाकीवर गाडी घातली गेली आणि दुसऱ्या दिवशी ते गेले. ज्याच्याबद्दल बातमी होती त्याच माणसाला पोलिसांनी खुनाच्या आरोपाखाली अटक केली. पत्रकारांवरील हल्ल्यांविरुद्ध महाराष्ट्राने २०१७ मध्ये स्वतंत्र कायदा केला, तो आवश्यकच होता. पण त्यातली पत्रकाराची व्याख्या प्रसारमाध्यम संस्थेतल्या नेमणुकीशी, कायम किंवा कंत्राटी, जोडलेली आहे. तालुक्याच्या गावात स्वतःच्या जोखमीवर लिहिणारा माणूस त्या व्याख्येच्या कडेवर उभा राहतो. ही व्याख्या रुंद व्हायला हवी. धोका नेमणूकपत्र विचारून येत नाही.

माहिती अधिकाराबद्दलही सांगितलं पाहिजे, कारण माझं निम्मं काम त्यावर चालतं. जिल्हा शल्यचिकित्सकांकडे मी खासगी दवाखान्यांतल्या ऑपरेशनांची महिनावार संख्या मागितली, तेव्हा उत्तर आलं की कलम ८(१)(ञ) प्रमाणे ही वैयक्तिक माहिती आहे. मी कुणाचंही नाव मागितलेलं नव्हतं. पहिल्या अपिलात संख्या मिळाली. दुसऱ्या अपिलाला राज्य माहिती आयोगापर्यंत जावं लागलं असतं तर त्या हंगामाची बातमी पुढच्या हंगामात गेली असती. आता २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याने नेमकं हेच कलम बदललं आहे आणि व्यापक जनहितासाठी अशी माहिती देण्याची त्यातली सोय काढून टाकली आहे. कलम ८(२) मधली जनहिताची तरतूद शिल्लक आहे, आता अर्जदाराने तिचा आधार घेऊन भांडायचं. खासगीपणाच्या नावाखाली दवाखान्यांचा आकडा झाकला जात असेल, तर त्या कायद्याने ज्या बाईचं रक्षण होतं असं सांगितलं जातं तिचंच नुकसान होतं.

सहकारी कारखान्याकडे माहिती मागितली तर ठरलेलं उत्तर येतं: आम्ही सार्वजनिक प्राधिकरण नाही. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१३ च्या थलप्पलम निकालानंतर त्यांना असं म्हणायला आधारही आहे. म्हणून मी साखर आयुक्तालयाकडे जाते. तिथे कारखान्यांनी भरलेली माहिती असते, आणि तीत ऊसतोडणी-वाहतुकीचा खर्च टनागणिक मांडलेला असतो. हाच खर्च शेतकऱ्याच्या एफआरपीतून, म्हणजे उसाच्या रास्त आणि किफायतशीर दरातून, वजा होतो. विचारलं तर कारखाना म्हणतो, मजूर आमचे नाहीत, मुकादमाचे आहेत. पण त्या मजुरांच्या घामाचा हिशेब रुपया-पैशात कारखान्याच्याच पुस्तकात असतो. मालक म्हणून जबाबदारी कुणाची, ह्या प्रश्नाचं उत्तर मला त्या एका रकान्याइतकं स्पष्ट दुसरीकडे कुठे मिळालं नाही.

काहीच बदललं नाही असं मी म्हणणार नाही, ते खरं नाही. बीडमध्ये खासगी दवाखान्यांना गर्भाशय काढण्याआधी शासकीय डॉक्टरांची परवानगी घेण्याचा नियम आला. एप्रिल २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दुसऱ्या एका याचिकेत सगळ्या राज्यांना अशा ऑपरेशनांवर देखरेखीची केंद्राची मार्गदर्शक तत्त्वं लागू करायला सांगितलं. ऊसतोड मजुरांच्या मुलांसाठी संत भगवानबाबा वसतिगृहांची योजना आली, ४१ तालुक्यांत ८२ वसतिगृहं. जानेवारी २०२४ मध्ये तोडणीच्या दरात ३४ टक्के वाढ ठरली. गोपीनाथ मुंडे यांच्या नावाचं ऊसतोड कामगार कल्याण महामंडळ उभं राहिलं, त्यासाठी कारखान्यांनी टनामागे १० रुपये द्यायचे आणि तितकीच रक्कम सरकारने घालायची असं ठरलं. ग्रामसेवकांनी गावातल्या ऊसतोड मजुरांची नोंद करून ओळखपत्रं द्यायची असंही ठरलं. २०२१-२२ च्या हंगामात राज्यात १३ कोटी टनांवर ऊस गाळला गेला. टनाला १० रुपये धरले तर एका अशा हंगामाचे १३० कोटी होतात, आणि सरकारचा वाटा वेगळा. एवढ्या पैशात टोळ्यांच्या प्रत्येक मोठ्या तळावर फिरते संडास, पिण्याचं पाणी आणि आठवड्यातून एकदा येणारी डॉक्टर बाई ह्यांची सोय करणं अवघड नाही.

इथे मला वाचकांची मदत हवी आहे. आम्ही मूठभर माणसं सगळ्या जिल्ह्यांना पुरे पडत नाही. तुम्ही सांगली, कोल्हापूर, सोलापूर, पुणे किंवा अहिल्यानगरच्या ऊसपट्ट्यात राहत असाल तर साखर आयुक्तालयाकडे विचारा, तुमच्या तालुक्यातल्या कारखान्याने कुठल्या हंगामात महामंडळासाठी किती रक्कम भरली. तुम्ही बीड, जालना, परभणी, धाराशिवचे असाल तर ग्रामपंचायतीला विचारा, गावातल्या किती ऊसतोड मजुरांना ओळखपत्र मिळालं आणि त्यांत बायका किती. प्रश्न आकड्याचा विचारा, कुणाचं नाव मागू नका, म्हणजे नकार आला तरी तो अपिलात टिकणं अवघड जातं. माहिती अधिकाराचा अर्ज साध्या कागदावर, मराठीत, १० रुपयांचं कोर्ट फी तिकीट लावून करता येतो. उत्तराची मुदत ३० दिवस. ऊसपट्ट्यातल्या वाचकांनी तो दिवाळीआधी केला तर उत्तर येईपर्यंत टोळ्या तुमच्या गावाबाहेर उतरलेल्या असतील. आलेल्या उत्तराची एक प्रत जवळच्या वार्ताहराला द्या, आणि दुसरी तळावर जाऊन तिथल्या बायकांना वाचून दाखवा.